जादाची बादली

दवाखान्याच्या बाकावर म्हातारे मुकादम बसले होते, शेजारी त्यांची इंजिनियर लेक. कंपाउंडर पुड्या बांधता बांधता ऐकत होता.

"आबा, तुम्ही बांधलेल्या बंदराच्या धक्क्याचं काँक्रीट तपासून आलं. आत खारं पाणी शिरलंय."

"काँक्रीटमध्ये मजबुतीचे पोलादी तंतू मी स्वतः मोजून घातले होते."

"तंतू बरोबर आहेत. पाणी किती घातलंत?"

"तंतूंनी माल घट्ट व्हायचा, फावडं हलायचं नाही. माणसं पार दमायची."

"म्हणून?"

"दर खेपेला एक बादली जादा."

"ते पाणी सुकलं, मागं बारीक छिद्रं राहिली आणि समुद्राला वाट झाली, आबा. मला अहवालात कारण लिहावं लागेल."

"धक्का बंद केलास?"

"सकाळीच."

"मग लिही. माझ्या नावानिशी."

लेक लिहू लागली. कंपाउंडरनं आबांचा नंबर पुकारला.

"थांबा जरा. तिचं लिहून होऊ दे."