थोरलीच्या पापण्या

साल एकोणीसशे ब्याऐंशी. यांच्या मोतीबिंदूसाठी मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी साठीतल्या दोघी जुळ्या बहिणी होत्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा.

"ताई, या वयात पापण्या कापून घ्यायची हौस कसली?"

"हौस नाही गं. पार बुबुळावर उतरल्यात. उद्या जिना दिसायचा नाही."

"तुला तर सगळं दिसतं!"

"आज दिसतं."

"मग उतरल्यात हे सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं? तुझ्या उतरल्यात, म्हणजे माझ्याही उतरल्याच की."

"आरशात बघितलंस?"

"तू समोर असताना आरसा कशाला?"

"आणि माझ्या कुठं उतरल्यात? काहीतरीच तुझं."

"मग कोंबडी पाणी पिते तशी मान मागे टाकून का बोलतेस माझ्याशी?"

तेवढ्यात डॉक्टरांनी दोघींना आत घेतलं. दार उघडंच होतं.

"थोरल्या बाई, तुमच्या पापण्या ठणठणीत आहेत. पापणी उचलणारा स्नायू सैल झालाय तो यांचा."

"असं कसं? नीट बघा डॉक्टर, पेशंट मी आहे."

"ऑपरेशन यांना लागेल. नाहीतर दिसायचं कमी होत जाईल."

"ताई, घरी चल. मला भीती वाटते."

"वेडी का काय! डॉक्टर, आधी माझं करा. ती बघेल, मग बसेल."

"अहो, पण तुमचं करू काय?"

धाकटीच्या पापण्या पुढच्या महिन्यात उचलल्या. डॉक्टर नंतर दुसऱ्या गावी गेले, आमचे हे देवाघरी गेले. थोरली एकदा बाजारात भेटली.

"ऑपरेशन छान झालं हो," ती म्हणाली. "दहा वर्षांनी लहान दिसते मी."