तुटक रेषेतली तुळस

“माळ पुरी झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही,” असं सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावून ठेवलेलं. त्यामुळे त्या गुरुवारी सकाळी अकोल्याच्या घरात फोन तीनदा वाजून थांबला. गोदावरीबाईंनी शेवटचा मणी ओढला, माळ डोळ्यांना लावली आणि चौथ्यांदा उचलला.

“हॅलो?… हो, बोल अशू… अगं, जप चालू होता. आत्याकडे नऊच्या आधी फोन करायचा नाही, हे अमरावतीला जाऊन विसरलीस वाटतं… रडून राहिली काय गं तू?… मग आवाज असा काऊन?

“थांब, थांब. हळू सांग. भातकुलीची तू आखलेली ती सोळा घरं… आठवतात म्हणजे काय? वास्तुशांती यांनीच तर केली. घर अर्धं बांधून द्यायचं, बाकीचं ज्यानं त्यानं सवडीनं वाढवायचं, हे डोकं तुझंच ना?… मग चांगलं आहे की!… तीन वर्षांत एकानंही खोली काढली नाही? सोळापैकी एकानंही?

“पण लोक घरात काही बदल करतात की नाही?… नत्थुजींनी? पुढच्या खोलीत पिठाची गिरणी! बघ, म्हणजे त्यांना कळतंय… आणि लीलाबाईनं? न्हाणीत कोथिंबिरीच्या जुड्या?… मग ती आंघोळ कुठं करते?… अगं, हसत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

“बरं, मला हे सांग, वाढवायची तर कुठं?… पूर्वेला. त्या सळया वर आल्यात, तिथं?… मुद्दाम ठेवल्यात? मला वाटलं, ठेकेदार काम टाकून पळाला… आणि भिंतीत दाराएवढी चौकट… विटा नुसत्या मातीत रचलेल्या. काढल्या की दार!… अगं बाई, किती हुशार गं! मी समजले, देवळी करायची राहिली… हो, पण हे लोकांना सांगितलं कुणी?… नकाशात होतं. तुटक रेषांनी… अशू, तुटक रेषा कोण वाचतं बाळा?

“मग आता त्या जागेत काय आहे?… काय?… सोळाच्या सोळा घरी?”

गोदावरीबाई पाटावर सरळ बसल्या.

“तुळस… हं… सांग, सांग पुढे. सत्यभामाबाई म्हणजे मोगऱ्याची शेती करतात त्या ना?… शेखरची आई, हो. मार्गशीर्षात लग्न आहे त्याचं, पत्रिका आली… खोली नाही म्हणून चांदूर रेल्वेला भाड्यानं राहतो म्हणतो? उद्याच ठरवून टाकतो?… अगं, मग ती बाई एकटी पडली की. पहाटे फुलं बाजारात कोण नेणार?… खोली काढायला मिस्त्री दारात उभा, अन् ती तुळशीला हात लावू देत नाही. काऊन? काय म्हणते?… ‘मले पाप लागते. गोदाकाकूनं सांगतलं, एकदा लावली का मंग जागची हालवाची नाही.’”

गोदावरीबाईंनी हातातली माळ पाटावर ठेवली.

“आहे गं, फोनवरच आहे… हो. वास्तुशांतीच्या वेळी मीच म्हटलं होतं. पूर्व दिशा, मोकळी जागा, ऊनही छान… मला वाटलं, देवानंच राखून ठेवली. रोपंही मीच वाटली, सोळा… एक मिनिट.”

त्यांनी फोन छातीशी धरला. “अहो, तुळस जागची हलवू नये, असं शास्त्रात कुठं आहे का?” रविकांतशास्त्रींनी पोथीतून मान न काढता हात हलवला. कुठंच नाही.

“अशू? शास्त्रात नाही. ते माझ्याच तोंडचं होतं… नाही गं, ‘जाऊ दे आत्या’ कसं? दे त्यांच्याजवळ फोन.

“सत्यभामाबाई? गोदावरी बोलून राहिली… जेवण व्हायचंय अजून. तुमचं?… ऐका ना. ते मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं… नाही हो, कुणी शिकवलं नाही मला… भाचीची बाजू घेऊन राहिली काय? अहो, माझी स्वतःची बाजूच पडली… मातीसकट उचलायची, दुसरीकडे लावायची, काही पाप नाही… काय म्हणालात?… तुळशीसमोर सांगितलेलं तुळशीसमोरच मागं घ्या… फोनवर नाही…

“बरोबर आहे तुमचं. येते मी. माझ्या हातानं काढते… रविवारी? नाही जमत. उद्या एकादशी, परवा बारस, मग रविवार. तीन दिवस तिला हात लावता येत नाही, हे मात्र मी मनचं नाही सांगत हं… आजच. दिवेलागणीच्या आत. मुळाशी पाणी घालून ठेवा, माती मऊ होऊ द्या… शेखरला म्हणा, उद्या कुठं जाऊ नको… हो, वचन समजा. मिस्त्रीला चहा द्या, जाऊ देऊ नका. द्या अशूला.

“अशू, दहाची बस धरते. स्टँडवर ये… अन् नवी जागा आधी शोधून ठेव. पुढे तिथं कधीच काही येणार नाही अशी… अशी जागाच नाही? सगळंच पुढे बदलू शकतं?… जिनासुद्धा?… मग तुळसही मोठ्या कुंडीत लावू. घर सरकलं की तीही सरकेल… बाकीची पंधरा घरं? त्यांनाही मीच सांगितलं ना. दारोदार जाईन… नको, तू बोलू नकोस, मीच बोलते… नाही गं, लाज कसली. जरा वाटते… बरं, ठेवते.”

ऊन अंगणात उतरलं होतं. गोदावरीबाईंनी खुरपं धुऊन पिशवीत घातलं, रविकांतशास्त्रींच्या ताटावर ताट झाकलं आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.