मागची बाजू

अधिकारी : मॅडम, तिकडून नको, इकडून बघा. पुतळा पुढून बघायचा असतो.

डॉक्टरांची लेक : पुढून बघितला की. फोटोत आहेत तसेच आहेत.

अधिकारी : म्हणजे तुमचा होकार आहे असं समजतो. संध्याकाळी साचा घ्यायचाय. पुढच्या महिन्यात मंत्रिमहोदय स्वतः घेऊन जाणार. तुमच्या वडिलांनी ज्या देशात साथीतून माणसं वाचवली, त्या देशाला आपल्या देशाची भेट. तिथल्या मोठ्या इस्पितळात बसवणार.

लेक : साहेब, फोटोसारखे आहेत एवढंच म्हटलं मी. बाबा तिकडे निघाले तेव्हा मी चार वर्षांची. त्यांचं तोंड मला आठवतच नाही, जे काय आहे ते त्या फोटोतलंच. भाऊ, हे स्टँड फिरतं का हो?

शिल्पकार : फिरतं ना. जपून फक्त, माती ओली आहे.

अधिकारी : अहो, पण मागे बघण्यासारखं काय आहे?

लेक : हे कोणाचं डोकं?

शिल्पकार : आता काय सांगू तुम्हाला.

लेक : सांगा की. बाबांचं नाही हे.

शिल्पकार : साहेबांच्या ड्रायव्हरचं.

अधिकारी : काय म्हणालात?

शिल्पकार : साहेब, तुम्ही मला फोटो दिलात एक, तोही समोरून. मागून माणूस कसा दिसतो ते काय स्वप्नात बघू? तुमचा ड्रायव्हर त्या बाकावर पेपर वाचत बसायचा. डोक्याचा घेर जुळला, घेतलं उतरवून. आमच्यात असंच चालतं. कोणाचा खांदा, कोणाची मान.

अधिकारी : दोन देशांमधली भेट, आणि अर्धं डोकं माझ्या ड्रायव्हरचं. कृपा करून हे बाहेर बोलू नका. त्याच्यासमोर तर नकोच, आधीच डोक्यावर बसलाय.

शिल्पकार : पण ताई, तुम्ही कसं ओळखलंत?

लेक : मी त्यांच्या खांद्यावर बसून हिंडायचे. त्यांचं तेवढंच आठवतं मला. दोन्ही हातांनी कान धरायचे आणि वरून त्यांचं डोकं बघत बसायचे. दोन भोवरे होते त्यांना. एक मधोमध, एक जरा उजवीकडे.

शिल्पकार : दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं म्हणतात.

लेक : आई चिडवायची त्यांना त्यावरून. मग ते तिकडे गेले आणि त्याच साथीत वारले. तेव्हापासून ती म्हणायची, दुसरं लग्न त्या देशाशी लागलं. पण ते चिडवणं नव्हतं. शेवटपर्यंत राग होता तिला.

अधिकारी : मॅडम, तुमच्या भावना समजतात मला. पण पुतळा कोनाड्यात बसायचाय. मागे भिंत. बोटभरसुद्धा फट राहणार नाही.

लेक : मग माझा होकार नाही.

अधिकारी : अहो, तारीख ठरलीय.

लेक : तुमची ठरलीय.

शिल्पकार : साहेब, बसा जरा, चहा मागवतो. फार वेळाचं काम नाही, माती अजून ऐकते. ताई, मी स्टँड खाली घेतो, म्हणजे तुम्हाला वरून दिसेल. हां. आता धरा कान.

लेक : धरू? मोडायचे नाहीत ना?

शिल्पकार : मोडले तर पुन्हा करीन. आणि कान ड्रायव्हरचे नाहीत, फोटोतलेच आहेत.

लेक : लहान वाटतायत हो. माझ्या मुठीत मावायचे नाहीत.

शिल्पकार : मुठी लहान होत्या तुमच्या. दुसरा भोवरा कुठे? इथे?

लेक : आणखी वर. थोडा उजवीकडे. आणि तिथून केस कानाकडे वळायचे, कितीही विंचरले तरी. असेच. थांबा. आता हात लावू नका.

(ती कान धरून वरून बघत राहते.)

अधिकारी : मॅडम, आता होकार समजू ना?

लेक : समजा.

अधिकारी : आभारी आहे. फक्त नंतर वाईट वाटायला नको म्हणून सांगतो, तिथे गेल्यावर हे कोणालाच दिसणार नाही.

लेक : नकोच दिसायला. चेहरा दिला ना आपण त्यांना. एवढं भिंतीकडे राहू दे.