वस्तरा बंदचा महिना

धुकं होतं हो त्या दिवशी. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं धुकं — सकाळचे नऊ वाजले तरी खांबावरचा दिवा जळत होता आणि समोरचं तुमचं ऑफिस दिसत नव्हतं. तुम्ही म्हणता ऊन होतं, तर ते आदल्या दिवशीचं असेल. मला पक्कं आठवतंय, कारण आरशावर सारखा दमटपणा धरत होता, मी पंच्याने पुसत होतो, पुसला की पुन्हा धरत होता. बसा ना, उभे का? तो यंदाचा बोर्ड ठेवा तिथे, भिंतीला टेकून. नाही, टांगू नका अजून. टांगायचा की नाही ते बघू मग. छापून आणलात होय? छान आहे. अक्षरं कशी एकसारखी दिसतात, मला वाचता येत नसली तरी तेवढं कळतं.

तुमच्यावर राग नाही माझा, साहेब. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणाल म्हातारा घुश्शात आहे. मागच्या वर्षी तुम्ही आलात, त्या खुर्चीच्या मागे उभे राहून मला सगळं समजावलंत — की पुरुष माणूस दुखणं लपवतो, अंगाचं लपवतो, मनाचं त्याहून लपवतो, तर महिनाभर मिशी वाढवायची, कोणी विचारलं ही मिशी कसली, की तो विषय काढायचा. मी म्हटलं, ज्याचं पोट दाढीवर चालतं त्यालाच सांगताय होय, दाढी करू नका म्हणून? सगळे हसले. पण मला पटलं होतं. माझा थोरला भाऊ — लघवीतून रक्त जायचं त्याच्या, दोन वर्षं कुणाला बोलला नाही. बायकोलासुद्धा नाही. मर्दाला काय होतंय, म्हणायचा. बोलला तेव्हा डॉक्टरने हात धुऊन बाहेर येऊन नुसती मान हलवली. म्हणून मी म्हटलं, लावा बोर्ड. आपल्या दुकानात येतात ते सगळे पुरुषच, आणि खुर्चीत मान मागे टाकली की माणूस जरा मोकळा होतोच.

आता बोर्ड कोण लिहिणार? तर पेंटर. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून त्याचं दुकान. माझ्या दुकानाची पाटीही त्याचीच — ती गोष्ट सांगितली का तुम्हाला? पाटी लावल्यावर मी विचारलं, काय लिहिलंस रे, तर म्हणाला, तुझं नाव आणि खाली 'उत्तम सेवा'. तीन महिने गिऱ्हाईक यायचं ते हसतच यायचं. मला वाटायचं, चला, लोक खूश आहेत. मग एका मास्तरांनी वाचून दाखवलं — 'येथे कानाला धक्का लागत नाही.' असा होता तो. मी ब्रश घेऊन त्याच्या मागे धावलो होतो, साबणाचा ब्रश, फेसासकट. होता म्हणतोय मी. आहे. आहे तो, असं बोलू नये.

तर नावं त्याने लिहिली. तुमच्या ऑफिसातले आठजण, गॅरेजवाला, औषधाच्या दुकानातला, पोस्टमन. मला कुठलं नाव कुणाचं ते कळेना, म्हणून प्रत्येक नावापुढे त्याने ज्याच्या त्याच्या मिशीसारखी मिशी काढून दिली — पोस्टमनची खाली पडलेली, गॅरेजवाल्याची झाडूसारखी. आणि नियम मी केला. तुमचा नव्हता तो, माझाच. ज्याचं नाव बोर्डावर, त्याला महिनाभर वस्तरा बंद. का? तर लोक पाचव्या दिवशी खाज सुटली की पळ काढतात. औषधवाला आला ना सहाव्या दिवशी, हळूच, म्हणतो, बायको म्हणतेय दिवाणखान्यात झोपा. मी म्हटलं, झोपा की, हवेशीर असतं. आणि हाकलला. मजा यायला लागली लोकांना. आज कोण सापडतो ते बघायला बाकावर येऊन बसायचे, ज्यांना ना दाढी करायची ना केस कापायचे.

तुम्ही वाटलेल्या माहितीच्या कागदावर नुसती मिशीच होती म्हणे. दाढी केली तरी चालत होतं. मला ते नंतर कळलं. म्हणजे तुम्ही तेव्हा म्हणालाही असाल, मी म्हटलं असेल, मिशी काय नि दाढी काय, बंद म्हणजे बंद — आणि तुम्हालाही गंमत वाटली असेल, बोलला नाहीत. राहू दे. ते तुमच्याकडे नाही, माझ्याकडेच येतं.

पेंटर रोज यायचा. मी शटर वर केलं की पहिली दाढी त्याची, गिऱ्हाईक यायच्या आधी. फेस लावून होईपर्यंत तो बोलायचा, वस्तरा लागला की मी बोलायचो, असा आमचा करार. काय बोलायचो? काही नाही. गुडघे, जावई, कुणाची भिंत कुणी खराब केली. पण रोज. मग तुमच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो यायचा बंद झाला. दोन दिवस, तीन दिवस. दुकान उघडायचा, पायरीवर बसायचा. ब्रश डब्यात तसेच, रंगात वाळून काठीसारखे झालेले — आणि हा माणूस असा की ब्रश धुतल्याशिवाय जेवायचा नाही. मी ते ब्रश बघितले. बघितले हो मी. मला वाटलं, काम नाही हाताशी, आता पाट्या मशीनवर निघतात, आळसावला असेल. आणि गालावर खुंट वाढलेले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला — असा प्रकाश कुणाच्या डोक्यात न पडो. मी इथून ओरडलो, काय पेंटर, तुम्हीपण का आमच्यात? त्याने असा हात हलवला. असा. आता हा हात 'हो' म्हणतो का 'जाऊ दे' म्हणतो, ते तुम्हीच सांगा. मी 'हो' धरलं. त्याला दंडाला धरून आत आणलं, म्हटलं, घाला स्वतःचं नाव. त्याने घातलं, अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मी म्हटलं, मिशी? तर म्हणाला, तू काढ. मग मीच काढली, वाकडीतिकडी. माझ्या हाताने.

त्यानंतर जो येईल तो त्याला शाबासकी. वा पेंटर, या वयात. शोभते हो दाढी. पोस्टमन तर त्याच्या पायरीवर बसून त्याच्याबरोबर फोटो काढून घेऊन गेला. तुमचा तो कागद काय म्हणत होता — वाढलेलं बघून माणसाने विचारावं. इथे अख्ख्या गल्लीत त्याला एकाने विचारलं नाही, कारण उत्तर बोर्डावर लिहिलेलं होतं ना. पेंटरने दाढी का वाढवली? तर बोर्डावर नाव आहे. संपलं.

आणि मग ते धुकं. तुम्ही बाकावर होता, तिकडच्या टोकाला. गॅरेजवाला होता, आणखी दोघं होते. तो आला, कुणाकडे न बघता सरळ खुर्चीत बसला, कापड स्वतःच अंगावर ओढून घेतलं, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. दोन आठवड्यांनी. आपल्या पायाने आला होता हो तो. दहा पावलं असतील त्याच्या पायरीपासून, पण ती दहा पावलं त्याने कशी टाकली असतील, ते मी आता रोज मोजतो. तेव्हा मी काय केलं? मी बाकाकडे बघून डोळा मारला. त्याच्या गळ्यावरचं कापड ओढलं, झटकलं, म्हटलं, पेंटर, बोर्डावर नाव कुणाचं? वस्तरा बंद. सगळे हसले. तुम्हीही हसलात, तुम्हाला बोलत नाही मी, सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. त्याने डोळे उघडले, आरशात माझ्याकडे बघितलं असावं. असावं म्हणतो, कारण आरसा धुरकट झाला होता, मला त्याचा चेहरा नुसता डागासारखा दिसला. पंचा माझ्या खांद्यावर होता. एक हात फिरवायचा होता फक्त. नाही फिरवला. तो उठला, कापडाची घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि गेला.

दुपारी वहिनी, म्हणजे पेंटरची बायको, डबा घेऊन आल्या. त्याचं शटर खाली. मी इथून सांगितलं, कामावर गेला असेल कुठेतरी, ठेवा माझ्याकडे डबा. ठेवून निघाल्यासुद्धा त्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या नि परत आल्या — का, ते त्यांनाही सांगता येत नाही. आतून कडी होती. गॅरेजवाल्याने पहार आणली, दोघांनी शटर उचकटलं. आत काय होतं ते विचारू नका, मी ते कुणाला सांगत नाही. वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. मी म्हटलं, मी नाही, वहिनींनी. मी तर डबा ठेवून घेतला होता.

आता घरी आहे. गोळ्या चालू आहेत, महिन्यातून एकदा त्या बाईंकडे नेतात. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, जसा ताप असतो तसा, कुणी एकाने एका दिवसात केलेलं नाही हे. चांगल्या आहेत बाई. मला म्हणाल्या, बाबा, तुम्ही त्यांच्याशी बोलत जा. मी काय बोलणार? मला बोलायला येतं ते हातात ब्रश असला की. मग मी दाढीची पिशवी घेऊन जायला लागलो, एक दिवसाआड, दुपारी दुकान बंद करून. पहिल्या दिवशी त्याच्या गळ्यावर पातं टेकवलं आणि परत उचललं — पन्नास वर्षांत पहिल्यांदा. गळ्याची शीर उडत होती बोटाखाली. वहिनी दारात उभ्या. त्यांनी घरातली सुरीसुद्धा कुलपात ठेवली आहे, भाजी शेजारणीकडे चिरतात. मी वस्तरा मिटून माझ्या खिशात टाकीपर्यंत त्यांची नजर हलत नाही, मग चहा ठेवतात. माझ्याकडून एकदा वस्तरा खिडकीत राहिला, पाणी बदलायला उठलो तेवढ्यात.  वहिनी नुसत्या खिडकीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून.

मग आता हा बोर्ड. काम चांगलं आहे तुमचं, कोण नाही म्हणतंय? औषधवाला त्या महिन्यातच जाऊन तपासून आला, त्याचं काहीतरी निघालं, वेळेत निघालं, तो तुम्हाला दुवा देतो. म्हणजे एकाला तारलं या भिंतीने. आणि टांगला नाही तर उद्या कुणाचं राहून जाईल, तेही माझ्याच डोक्यावर. टांगला तर मी रोज त्याच्याखाली उभा राहून दाढ्या कशा करू? मला नाही कळत. वाचता येणाऱ्याला कळत असेल. तुम्ही सांगा. — नको, उचलू नका तो.  राहू द्या भिंतीला टेकून. पडला तर पडला, उभा राहिला तर राहिला.

उठा आता, ऑफिसची जेवणाची सुट्टी संपली तुमची, आणि मलाही पिशवी भरायची आहे. पाणी तिथेच तापवतात. नाही, तुम्ही येऊ नका बरोबर, त्याला माणसं चालत नाहीत अजून. काय? बोलतो का? नाही बोलत. म्हणजे एवढंच बोलतो, दर वेळी, फेस लावून झाला की. टोमणा नाही हो — त्याचे टोमणे मी तीस वर्षं खाल्ले आहेत, मला कळतो त्याचा टोमणा. अगदी साधेपणाने, परक्या घरी पाणी मागावं तसं, डोळे मिटलेलेच ठेवून विचारतो — "आज चालेल ना?"