पट्टा लांब हवा की आखूड

...नाही, पण मला सांगा, पट्टा लांब असावा की आखूड, हे मला का कळायला पाहिजे? मी रनाळ्याची बाई, शिक्षण दहावीपर्यंत, सकाळी दूध उतू चाललेलं, आणि आमचे हे ओट्यावरून विचारतात, "काय वं, तुले काय वाटस, पिवळी की काळी?" आता इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला रंग विचारला नाही, म्हणून मी हरखले, तुम्हाला सांगते, पदराला हात पुसत बाहेर आले... तर साडी कुठली, स्नोमोबाइल! म्हणजे पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे दात असलेला रबरी पट्टा, मधे इंजिन, आणि त्याच्यावर बसणार आमचा भाग्येश. गाडी बर्फाची, बर्फ कॅनडात, आणि डोकं तापलंय आमचं.

थांबा, नीट सांगते. भाग्येश आमचा एकुलता, तिकडे कॅनडात नोकरीला, डोंगराच्या पायथ्याशी गाव. फोन करतो हो, करत नाही असं नाही, पण बापलेकांचं बोलणं कसं? "बरं शे ना?" "बरं शे." "जेवना का?" "जेवनू." आणि मग दोघंही गप्प, जसे काही तहसीलमध्ये नंबर लावून बसलेत, आणि मग, "दे मायजोडे," की फोन माझ्या हातात. भांडण नाही, तंटा नाही, बोलायला काही नाही एवढंच. वावरातलं त्याला कळत नाही, कॉम्प्युटरचं यांना कळत नाही. आणि आमचे हे कोण? रतिलालभाऊ! गावात कुणाला बैलजोडी घ्यायची, ट्रॅक्टर घ्यायचा, अहो, नंदुरबारहून जुनी मोटरसायकल आणायची तरी आधी रतिलालभाऊला दाखवतात. सगळं गाव विचारतं, आणि पोटच्या पोराने कधी सायकलसुद्धा विचारून घेतली नाही. हे बोलत नाहीत, पण मला दिसतं ना.

आणि एक दिवस तोच म्हणाला, "पप्पा, दोन गाड्या पाह्या, ठरी नही ऱ्हायनं. तुम्ही सांगा."

तुम्हाला सांगते, यांनी फोन कानावरून काढला, माझ्याकडे बघितलं, आणि मग टोपी नीट केली. फोनवर टोपी दिसत नव्हती, तरी केली.

मग सुरू झालं. "ट्रॉली कितली ओढस?" "पप्पा, तिले ट्रॉली नही लावतस." "मंग नांगर?" "नांगर बी नही." "मंग करतस काय?" "वर जातस. खाले येतस." यांनी टोपी काढली, परत घातली. मग अगदी हळू आवाजात, "कोणा वावरमा?"

पण माणूस हटला नाही. रोज सकाळी, आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र, फोन समोर धरून शाळा. दोन्ही गाड्यांना टर्बो. टर्बो कशाला? तर उंच डोंगरावर हवा पातळ, इंजिनाला दम लागतो, तोरणमाळच्या घाटात आमची जीप वऱ्हाडासकट धापा टाकत उभी राहिली होती, तसं. टर्बो आत जास्तीची हवा कोंबतो. मी म्हटलं, म्हणजे फुंकणी की हो, चुलीत फुंकायची! तर भाग्येश म्हणाला, "हां माय, फुंकणीच." हे माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मी यांच्या वर्गात न विचारता येऊन बसले.

तर पिवळी कशी? पट्टा लांब, नव्या भुसभुशीत बर्फात तरंगते, सरळ चढावर चढतच जाते, पण जड, आणि अंगठ्याने वेगाचा खटका दाबला की तिची फुंकणी क्षणभर विचार करते. "म्हैस शे," हे म्हणाले, "उठाले येळ लागस, उठनी का मंग कोणाले ऐकस नही." काळी कशी? हलकी, पट्टा आखूड, दाबला की उडाली, झाडाझाडांतून वळते, पण खोल बर्फात मागून बसते. "हाई गोऱ्हा शे," हे म्हणाले. त्या बर्फाला तिकडे पावडर म्हणतात. आता आमच्याकडे पावडर मिरचीची, तिच्यात गाडी घातली तर चालवणारा वर पोचायच्या आधी शिंकून खाली येईल! गाडी बर्फाची, बर्फ कॅनडात, आणि इथे रोज सकाळी म्हैस आणि गोऱ्हा.

आता खरं सांगू? आठवड्यात ठरलं असतं. ठरतच आलं होतं, "बरं मंग, पिवळी..." म्हणून भाग्येश फोन ठेवायला निघाला, आणि माझ्या मनात आलं, ठरलं, तर उद्या हा कशाला फोन करेल? परत "जेवना का?" "जेवनू"? मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "पण झाडं आडवी आली तर ती म्हैस वळेल कशी?" झालं. दोघं परत पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी मी वजन काढलं. तिसऱ्या वेळी म्हटलं, उतरताना काय, चढायचंच बघताय सगळे. मला काय कळतंय हो? पण फोन चालू राहिला ना. माझ्या पोळ्या करपत होत्या आणि मी खूश.

शेवटी हे वैतागले. म्हणाले, पाहिल्याशिवाय सौदा नाही, बैलसुद्धा नांगरटीत चालवून बघतात. पण बर्फ कुठून आणणार? आणि तुम्हाला सांगते, यांची नजर गेली मागच्या खोलीकडे. तिथे आमचा कापूस, या हंगामाचा, छातीइतका भरलेला. "कापूस म्हणजे बर्फच शे," म्हणाले. शेजारच्या हेमकांतला हाक मारली. हेमकांतला दिली लांब फळी, ही पिवळी. यांनी घेतला जेवायचा पाट, ही काळी. माझ्या हातात फोन, फोनमध्ये भाग्येश. दोघं खिडकीच्या कट्ट्यावर चढले, फळी कापसावर टाकली, हेमकांत बसला, आणि खरंच, तरंगला, मांडी घालून, जसा काही पंगतीला. मग यांनी पाट टाकला आणि त्याच्यावर ऐटीत उभे राहिले.

पाट गेला. त्याच्यामागे हे गेले. वर फक्त टोपी.

हेमकांत फळीवरून वाकून, "रतिलालभाऊ, कोठे ग्यात?" आणि कापसातून आवाज, "आठेच शे. वढ माले." आणि फोनमध्ये भाग्येश असा हसायला लागला, असा, की त्याला बोलता येईना, आणि हे बाहेर आले, मिशीला कापूस, भुवयांना कापूस, आणि तेही हसायला लागले. मी फोन धरला होता ना, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

पण त्याने घात झाला. निकाल लागला ना! पट्टा लांब, पिवळी पक्की. मी म्हटलं, "पण वळायचं..." तर हे म्हणाले, "तू कसाले खोडा घाली ऱ्हायनी? लेऊ दे पोऱ्याले." घेतली त्याने. फोटो आला. आणि मग काही नाही.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. हे फोन ओट्यावर ठेवून बसायचे. उचलून रेंज बघायचे. एकदा तर हेमकांतला म्हणाले, "जरा माले फोन लाव बरं, वाजस का दखू." वाजला. हेमकांत समोर बसलेला, तरी यांनी उचलला. गाडी बर्फाची, बर्फ कॅनडात, आणि गारठा आमच्या ओट्यावर.

आणि रविवारी भल्या पहाटे, तिकडे अजून शनिवारची संध्याकाळ, मी धार काढत होते, फोन वाजला. भाग्येश धापा टाकत, "पप्पा, फसनी."

अहो, मुलाची गाडी हँडलपर्यंत बर्फात गेलेली, आणि बापाचा चेहरा बघा, दिवाळी! "फसनी? कशी फसनी? दखाड. कोणी संगे शे ना?" होते, दोन मित्र होते, गाड्या लावायच्या जागेजवळच होते. "मंग घाई नको. पट्टा फिरवू नको, अजून खाले जाई. पहिले पुढला बर्फ पायवरी तुडव." जणू वावरातला ट्रॅक्टर चिखलातून काढतायत. इथून हे हात करतात, तिथून तिघं बर्फ तुडवतात, आणि निघाली! तिकडे तिघं ओरडले, इकडे गाय दचकली, माझी बादली सांडली.

तेव्हापासून रोज फोन. म्हैस कशी वळवायची, कुठल्या उतारावर जाऊ नये, काल काय झालं, परवा कुठे जायचं. काल तर त्याचा कुणी गोरा मित्र समोर बसवला, त्यालाही गाडी घ्यायची आहे, भाग्येश मधे भाषांतर करतोय आणि आमचे हे त्याला विचारतायत, "तुन्हं वजन कितलं शे?"

आणि मी? एवढं सगळं कुणी जमवलं? काल मी मधे डोकावले, म्हटलं, जरा मला दे ना, मलाही बोलायचंय पोराशी. तर यांनी फोनवरची नजर न काढता हात मागे केला आणि म्हणाले, "बरं झालं तू उनी. जरा चार्जर दे वं."

दिला. काय करता.