आधी कोण बोलतंय ते बघा

माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील पाहुणे, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

हे भाषण मला लिहून आणावं लागलं, कारण हातात कागद नसला की मी रागावायला लागते, असं आपल्या रुग्णालयाच्या संचालकांचं मत आहे. संगणक विभागाची प्रमुख म्हणून मला ते मान्य नाही. असो.

आज आमचे मामा निवृत्त होत आहेत. कोणाचे सख्खे मामा? कोणाचेच नाहीत, हक्क मात्र सगळेच सांगतात.

त्यांचं काम काय? इथली यंत्रं दिवसभर संदेश पाठवतात. प्रिंटर तर कागद संपला तरी कळवतो, घातला तरी कळवतो! या गलक्यात कामाचा संदेश बुडू नये म्हणून मामा नियम लिहीत: अमुक नमुन्यात बसणारा संदेश बाजूला, बाकीचे आमच्या विभागाच्या पडद्यावर.

गेल्या वर्षी आमच्या ताईंनी, म्हणजे मामांच्या हाताखालच्या अभियंता बाईंनी, एक नियम लिहिला. ‘उत्तर नाही’, म्हणजे यंत्र हाकेला ओ देत नाही, हे शब्द दिसले की संदेश बाजूला. प्रिंटरचं ते रोजचंच रडगाणं. पण रक्तपेढीचा फ्रीज तापमापकासकट बंद पडला, तेव्हाही संदेश तोच आला: ‘उत्तर नाही’. फ्रीज तापत होता आणि आमचा पडदा स्वच्छ! परिचारिकेनं दार उघडलं, म्हणून रक्त वेळेत हलवता आलं.

ताईंनी सगळे नियम बंद केले आणि माझ्याकडे बदलीचा अर्ज दिला. “आता मी एकही संदेश गाळणार नाही,” म्हणाल्या.

मामा म्हणाले, “अगं, सगळ्यांचं सगळं ऐकत बसलीस तर वेड लागेल. नियमात आधी कोण बोलतंय ते लिही, मग काय बोलतंय ते. प्रिंटरचं रडणं वेगळं, फ्रीजचं वेगळं.”

“आणि पुन्हा चुकले तर?”

“चुकशीलच. मी काय कमी चुकलोय? म्हणून तर गाळलेलं फेकायचं नाही. रोज चहाबरोबर वाचायचं.”

“चहा कोण करणार?”

“एवढी चौकशी करतेस, म्हणजे राहतेस!”

त्या अर्जावर मी सही केली नाही. ताईंनीही कधी विचारलं नाही.

मामा, विभागाच्या वतीनं मनापासून आभार. आणि मंडळी, माझं बोलणं कुठे कडक झालं असेल, तर सवयीचा दोष समजून सोडून द्या.

नोंदीसाठी सांगते: आज सकाळी मामांनी ताईंकडे नियमांची फाईल, यंत्रकक्षाची किल्ली आणि काय गाळायचं हे ठरवण्याचा अधिकार सोपवला. ताईंनी सही करून तो घेतला. बदलीचा अर्ज मी त्यांना परत दिला; त्यांनी तो माझ्यासमोर फाडला.