नानांचा दुसरा डोस

लसीचा विषय निघाला की मला आमच्या भडगावकडचे नाना आणि आबा आठवतात. कोरोनाचे ते दिवस वाईट होते, पण ती एक दुपार अजून आठवावीशी वाटते.

दोघं सख्खे भाऊ. शेताच्या बांधावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. मी तेव्हा गावात आशाताई होते. पहिल्या डोसनंतर नानांना ताप आला आणि दुसऱ्याला त्यांनी साफ नकार दिला. घरी गेलं की म्हणायचे, "चहा पी, बेटी. पन सुईनं नाव नको काढू."

लसीच्या दिवशी आबा शाळेत आले. बाही वर करता करता त्यांनी हळूच विचारलं, "नाना उना का?"

"नाही आले, आबा. घाबरतात ते."

आबांनी बाही खाली केली आणि ते निघून गेले. मला वाटलं, हेही हातचे गेले. थोड्या वेळाने पाहते तर फाटकातून पुढे आबा, मागे नाना. नानांच्या बायकोनं, अक्कांनी, नंतर सांगितलं. इतक्या वर्षांनी दारात येऊन आबा एवढंच म्हणाले होते, "तू मरी ग्या तं मी कोनासंगे भांडू?"

डोस घेऊन दोघं एकाच बाकावर बसले, तोंडं दोन दिशांना. शेवटी नाना पुटपुटले, "रातले ताप उना तं?"

"मी येस ना बसाले."

अर्धा तास झाल्यावर मी म्हटलं, "आता घरी गेलात तरी चालेल."

कोणीच उठलं नाही. नाना म्हणाले, "बसू दे, बेटी. बराच सालनं बोलनं बाकी शे."